आठ पावलांची बराक

अंबरनाथच्या शिवमंदिरापाशी एका रविवारी सकाळी आम्ही चाळीसेक जण वारसाफेरीला जमलो होतो. मार्गदर्शक अगदी तयारीचे. शके ९८२चा शिलालेख, शिलाहार राजा माम्वाणी, भूमिज शैलीचं शिखर, बाहेरच्या भिंतींवरच्या मूर्ती, सगळं त्यांनी जीव ओतून सांगितलं. मंदिराला लागून वाहणाऱ्या वालधुनी नदीकडे बघून एक बाई हळहळल्या आणि त्यांनी नाकाला रुमाल लावला. साडेदहाला फेरी संपली, चहा झाला, सगळे स्टेशनवर येऊन मुंबईच्या गाडीत बसले. पुढचं स्टेशन उल्हासनगर. गाडी थांबली, सुटली. कुणी खिडकीबाहेर मानसुद्धा वळवली नाही. मी मार्गदर्शकांना विचारलं, "पुढची फेरी इथे काढाल का?" त्यांच्या चेहऱ्यावर खरंखुरं आश्चर्य होतं. "इथे? इथे बघायला काय आहे?"

त्यांचा हेतू वाईट नव्हता, पण त्या वाक्याने मला फार लागलं. त्यांना मी तेव्हा नीट उत्तर देऊ शकले नाही, ते आता देते. माझं म्हणणं असं, की मुंबईच्या आसपास निर्वासितांचा इतिहास पायी फिरून दाखवणारी एक तरी नियमित फेरी हवी, ती उल्हासनगरात हवी, आणि तिचे पहिले श्रोते आम्ही असायला हवेत. आम्ही म्हणजे कल्याण, डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूरची शेजारची मराठी माणसं.

मी कल्याणची. आमच्याकडे बोलताना उल्हासनगरला उल्हासनगर फार कमी लोक म्हणतात. 'कॅम्प' म्हणतात. "जरा कॅम्पात जाऊन येते." "कपाट कॅम्पातून आणलं." आणि लगेच पुढे, "कॅम्पातला माल तो, किती टिकायचा!" माझ्या आईच्या संसारातलं निम्मं लाकडी सामान तिथलं, माझ्या लग्नातले पडदे तिथले, भावाच्या सगळ्या जीन्स तिथल्या. एवढ्या खेपा झाल्या, पण हा कॅम्प कसला, कुणाचा, हे आमच्या घरात कुणी कधी काढलं नाही. मीही नाही. 'निर्वासित' हा शब्द शाळेत असताना मी शिवीसारखा वापरलेला आहे, वर्गातल्या एका सिंधी मुलीला उद्देशून. तिचा चेहरा मला अजून आठवतो.

दुसऱ्या महायुद्धात इंग्रज सरकारने कल्याणजवळच्या माळावर सैन्यासाठी तळ उभारला. पाच भाग आणि दोन हजारांहून जास्त बराकी. युद्ध संपलं, तळ ओस पडला. मग फाळणी झाली. पंजाब आणि बंगाल यांचे तुकडे पडले, पण तिथून निघालेल्या माणसाला निदान आपल्या भाषेचा अर्धा मुलूख सीमेच्या अलीकडे होता. सिंध अख्खा पाकिस्तानात गेला. तरी सिंधी हिंदू बरेच महिने हलले नाहीत. व्यापारउदीम होता, शेजार जुना होता, निभेल असं वाटत होतं. ६ जानेवारी १९४८ला कराचीत दंगल झाली, घरं लुटली गेली, आणि त्यानंतर बंदरावर रीघ लागली. जहाजं मुंबईच्या धक्क्याला लागत. शहरात जागा नाही म्हणून धक्क्यावरूनच माणसांना आगगाडीत बसवून छावण्यांकडे धाडत. कल्याणच्या ओस तळावर अशी लाखाच्या घरात माणसं आली. ८ ऑगस्ट १९४९ला तेव्हाचे गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी कोनशिला बसवली आणि उल्हास नदीवरून वस्तीला नाव मिळालं. २०११च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या पाच लाखांवर गेली होती. छावणीतून उभं राहिलेलं एवढं मोठं शहर आपल्या दाराशी आहे आणि आपण तिथे पडदे घ्यायला जातो.

बघायला काय आहे, ते मला माझ्या मैत्रिणीच्या आजोबांनी दाखवलं. आजोबा मूळचे सिंधमधल्या शिकारपूरचे, आले तेव्हा नऊ वर्षांचे होते. चार वर्षांपूर्वी एका सकाळी त्यांनी मला आणि माझ्या आईला त्यांच्या बराकीकडे नेलं. रस्ता अरुंद, दोन्ही अंगांना तीन-चार मजली इमारती, खाली दुकानं, वर दोऱ्यांवर कपडे. मला काहीच वेगळं दिसेना. आजोबा एका मोबाइल दुरुस्तीच्या दुकानाच्या बाजूच्या बोळात शिरले. तिथे जुन्या बराकीचा एक तुकडा शिल्लक होता. दगडी जोतं, चांगली हातभर जाड भिंत, आणि वर लाकडी तुळईचं काळं पडलेलं टोक. आजोबांनी त्या भिंतीला टाच टेकवली आणि मोठ्याने मोजत चालायला लागले. आठ पावलांवर थांबले. मग काटकोनात वळून सहा पावलं. "एवढे आम्ही," म्हणाले. आईवडील, पाच भावंडं आणि एक विधवा काकी.

बराकीच्या मधोमध एक लांबलचक हॉल असे आणि दोन्ही टोकांना खोल्या. खोली मिळाली ते नशीबवान. बाकीचे हॉलमध्ये, आणि हॉलला आत भिंतीच नव्हत्या. आजोबांच्या आईने सिंधहून एक रल्ली आणली होती. रल्ली म्हणजे आपली गोधडीच, तुकडे जोडून शिवलेली. ती रल्ली दोरीवर टाकली आणि तीच भिंत झाली. पलीकडे लारकान्याचं एक कुटुंब होतं. रात्री त्यांचं मूल रडायला लागलं की अलीकडे आजोबांची आई उठून बसायची आणि कुजबुजत विचारायची, दूध आहे का. दोन वर्षांनी रल्लीच्या जागी गोणपाट आलं, मग पत्रा, मग प्लायवूड, आणि पुढे केव्हातरी चार इंची विटांची भिंत. ती भिंत त्या सकाळी मोबाइलच्या दुकानात उभी होती, तिच्यावर फळी ठोकून चार्जर टांगले होते. मी दुकानदाराला विचारून दोन्ही भिंतींवर हात ठेवून पाहिला. बाहेरची दगडी भिंत गार लागली. आतली टिचकी मारल्यावर पोकळ वाजली. युद्ध दगडाने बांधलं होतं, संसार माणसांनी हळूहळू विटेने बांधला, हे त्या दोन भिंतींमधल्या फरकावरून कळलं. शिलालेखाची अक्षरं वाचून दाखवायला जसा जाणकार लागतो, तसा इथे आजोबांसारखा माणूस लागतो, एवढाच फरक.

यासाठी संग्रहालय पुरेल, असं बरेच जण म्हणतील. अमृतसरला टाउन हॉलमध्ये फाळणीचं संग्रहालय आहे, दिल्लीतही झालं आहे, आणि दोन्ही व्हायलाच हवी होती. पण संग्रहालयात वस्तू काचेआड जाते आणि बघणारा बाहेर पडला की त्याची सुटका होते. उल्हासनगर अजून राहतं शहर आहे. पोस्टमन आजही बराक नंबर वाचून पत्र टाकतो. आधार कार्डावर बराक नंबर आहे, लग्नाच्या पत्रिकेवर आहे. बराक कधीच पडली, तिथे सात मजली इमारत झाली, तरी पत्त्यात बराक आहे. हे पायी फिरल्याशिवाय ध्यानात येत नाही. रिक्षातून तर मुळीच नाही.

तशीच गोष्ट पाट्यांची. जुन्या एखाद्या धर्मादाय दवाखान्याच्या किंवा शाळेच्या दारावर अरबी वळणाच्या सिंधी लिपीतली पाटी अजून दिसते. त्या लिपीत बावन्न अक्षरं आहेत. आजोबा ती पाटी झरझर वाचतात, त्यांच्या मुलाला अडखळत येते, नातीला, म्हणजे माझ्या मैत्रिणीला, ती नुसती नक्षी वाटते. १० एप्रिल १९६७ला सिंधी भाषा संविधानाच्या आठव्या अनुसूचीत आली, त्या दिवशी कॅम्पात मिठाई वाटली होती असं आजोबा सांगतात. पण भाषेला स्वतःचं राज्य नाही, देवनागरीत लिहायची की जुन्या लिपीत यावर समाजातच दोन मतं, आणि सिंधी माध्यमाच्या शाळा एकेक करून बंद पडत गेल्या. मराठी शाळांबद्दल आपण जी काळजी करतो ती या माणसांनी आपल्या कितीतरी आधी केली आहे. त्या पाटीखाली पाच मिनिटं थांबून हे ऐकावं, मला वाटतं भाषेवरच्या दहा परिसंवादांनी जे होत नाही ते तिथे होईल.

आता मुख्य मुद्दा, आणि इथे मी थोडी अडून बसणार आहे. निर्वासितांच्या इतिहासाची फेरी म्हणजे फक्त आलेल्यांचा इतिहास नाही. ज्यांच्या दारात ते आले त्यांचाही तो आहे. तो भाग गाळला तर फेरी अर्धी राहते, आणि गाळायचा मोह सगळ्यांनाच होतो. यजमानांना तो नको असतो आणि पाहुणे सौजन्याने बोलत नाहीत.

सिंध १९३६पर्यंत मुंबई इलाख्याचाच भाग होता. कराचीच्या वकिलाचं, मास्तराचं, कारकुनाचं सरकार मुंबईत बसत असे. कराचीतली सगळ्यात जुनी सरकारी शाळा आजही नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याच्या नावाने ओळखली जाते. एकोणिसाव्या शतकात ते तिकडे गेले आणि तिथल्या शिक्षणाचा पाया घालण्यात त्यांनी आयुष्य वेचलं. म्हणजे १९४८ला मुंबईच्या धक्क्यावर उतरलेली माणसं अनोळखी देशात येत नव्हती. बारा वर्षांपूर्वीपर्यंत जी त्यांची राजधानी होती तिथे ती येत होती. तरी त्यांचं स्वागत कसं झालं? त्या वर्षी मुंबई प्रांताने निर्वासितांसाठी खास कायदा केला, नोंदणी सक्तीची झाली, आणि कुठे राहायचं हे सरकार ठरवू लागलं. शहरावर भार पडला होता हे खरं आहे, अन्नधान्याचं रेशनिंग चालू होतं, घरं मिळत नव्हती. मी तेव्हाच्या राज्यकर्त्यांना खलनायक करायला निघालेले नाही. पण आगबोटीतून उतरलेल्या माणसाला शहराचा रस्तासुद्धा न दाखवता थेट साठेक किलोमीटरवरच्या लष्करी शेडमध्ये पाठवलं, हे फेरीत सांगितलं गेलं पाहिजे. आणि ते मराठी माणसाने सांगितलं पाहिजे.

आजोबांना 'निर्वासित' शब्द चालत नाही. 'शरणार्थी'ही चालत नाही. "शरण कुणाला गेलो? काम मागायला गेलो." त्या पिढीतल्या कितीतरी लोकांनी स्वतःला पुरुषार्थी म्हणवून घेतलं, ते याच चिडीतून. कल्याण-मुंबई लोकलमध्ये गोळ्या, कंगवे, नाड्या विकणारी पोरं, बराकीच्या ओट्यावर दिवसभर पापड लाटणाऱ्या बाया, यांना दयेची नाही, गिऱ्हाइकाची गरज होती. आणि गिऱ्हाईक आपणच होतो. आपण घासाघीस करून माल घेतला आणि घरी येऊन त्याला नावं ठेवली. 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद महाराष्ट्रात पिढ्यान् पिढ्या चालला. मीही त्यावर हसले आहे. त्यामागे एवढंच होतं, की भांडवल नसलेल्या कारागिराने गिऱ्हाइकाला हवी ती वस्तू परवडेल त्या किमतीत करून दिली. बनावट शिक्का मारणं चूकच, पण साऱ्या शहरावर तोच शिक्का मारणं त्याहून मोठी चूक आहे.

आपल्याला निर्वासितांची आठवण ठेवता येत नाही असं मुळीच नाही. कोल्हापूरजवळ वळिवडे इथे १९४३ ते १९४८ या काळात पोलंडच्या सुमारे पाच हजार निर्वासितांची छावणी होती, त्यात बहुतेक बायका आणि मुलं. सैबेरियातून, इराणमार्गे आलेली ती माणसं. त्यांचं स्मारक कोल्हापुरात आहे. म्हातारे झालेले ते पोलिश लोक पुन्हापुन्हा कोल्हापूरला येतात, त्यांचे सत्कार होतात, डोळे पाणावतात. ऑगस्ट २०२४मध्ये पंतप्रधान वॉर्सोला गेले तेव्हा तिथल्या कोल्हापूरच्या स्मारकावर त्यांनी पुष्पचक्र वाहिलं. हे सगळं मला मनापासून आवडतं, कोल्हापूरने माणुसकी दाखवली आणि तिचं कौतुक व्हायलाच हवं. पण पोलिश लोक गेल्यावर त्या वळिवड्याच्या छावणीत कोण आलं? सिंधी आले. त्या बराकींतून आजचं गांधीनगर उभं राहिलं, जिथे अर्धं दक्षिण महाराष्ट्र लग्नाचा बस्ता बांधायला जातं. तळ तोच आणि माणसंही तशीच घर गमावून आलेली. पाच वर्षं राहून निघून गेलेल्या पाहुण्यांचं आपण स्मारक केलं, आणि जे राहिले, ज्यांनी इथे कर भरले, मराठी शिकली, इथेच देह ठेवला, त्यांच्यासाठी आपल्याकडे एक टोमणा आहे. जाणाऱ्यावर प्रेम करणं सोपं असतं, राहणारा जागा मागतो. गांधीनगरात उभं राहून या दोन आठवणी शेजारी शेजारी ठेवणारी फेरी कोल्हापूरकरांनीही काढावी असं मला फार वाटतं.

फेरी काढायची म्हटली की एक धोका मला सगळ्यात मोठा दिसतो, आणि तो बाहेरून नाही, आतूनच येतो. खिशात दमडी नसताना आले आणि आज करोडपती झाले, ही गोष्ट. सिंधी मंडळींना ती सांगायला आवडते, आपल्याला ऐकायला आवडते, कारण तिच्यात कुणाचाच दोष उरत नाही. पण करोडपती किती झाले? लाखाच्या घरात आलेल्या माणसांतली बहुसंख्य माणसं दुकानाच्या मागच्या खोलीत म्हातारी झाली. १९५४च्या भरपाईच्या कायद्यानंतर जागेची सनद मिळवण्यासाठी लोकांनी वर्षानुवर्षं कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. 'सनद' हा शब्द उल्हासनगरात आजही असा उच्चारतात जसा खेड्यात सातबारा. कुणाकडे सनद आहे, कुणाकडे नाही, कुणाच्या सनदेवर तीन भावांचा वाद आहे. त्या गोंधळात परवानगीविना इमारती उठल्या, एक वेळ अशी आली की साडेआठशेच्या वर इमारती पाडण्याचा प्रश्न उच्च न्यायालयात उभा राहिला आणि २००६ला सरकारला त्या नियमित करण्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. २०२१च्या मे महिन्यात दोन आठवड्यांच्या आत दोन इमारतींचे स्लॅब कोसळले, माणसं मेली. वाचणाऱ्याला वाटतं, बेकायदा बांधकामं, भ्रष्टाचार, संपलं. भ्रष्टाचार आहेच. पण त्या इमारतीच्या पायात आठ पावलं बाय सहा पावलांची बराक आहे, हेही त्या बातमीत असायला हवं होतं. आठ माणसांची तीन कुटुंबं झाली, जागा तेवढीच राहिली, मग बांधायचं कुठे? वरच.

आणि ज्या जमिनीवर हे सगळं घडलं, ती कुणाची होती? इथेही फेरीने थांबलं पाहिजे. लष्कराने तळ उभारला तो रिकाम्या आकाशाखाली नाही. इथे आगरी शेतकऱ्यांची गावं होती, भातशेती होती. जवळच नेवाळीला युद्धकाळात धावपट्टीसाठी घेतलेल्या जमिनी परत मिळाव्यात म्हणून शेतकरी अजून भांडतायत, जून २०१७मध्ये त्या आंदोलनाचा भडका उडाला होता, गाड्या जळल्या होत्या. आपल्याच गावात राहून जमिनीला मुकलेल्या त्या माणसाला कुणी निर्वासित म्हणत नाही. कॅम्प चारमधली सुभाष टेकडी घ्या. तिथे महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून पोटासाठी आलेली आंबेडकरी वस्ती आहे, १४ एप्रिलला ती टेकडी निळी होते. त्यांनाही गाव सोडावं लागलं होतं, त्यामागची कारणं वेगळी होती इतकंच. सिंधी आजोबा, आगरी काका आणि टेकडीवरची एखादी ताई, असे तिघे मिळून ही फेरी काढतील तेव्हा ती खरी होईल. तिघांचं एकमेकांशी सगळं जुळेल असं नाही. जमिनीवरून तर नक्कीच वाजेल. वाजू दे. श्रोत्यांसमोर वाजलं तर उत्तम.

मला एका जाणत्या गृहस्थांनी सावध केलं, की फाळणीच्या जखमा उकरल्या की द्वेष वाढतो. ही भीती मी हसण्यावारी नेत नाही. २०२१पासून १४ ऑगस्ट हा फाळणीच्या वेदनांचा स्मृतिदिन म्हणून पाळला जातो, आणि त्या दिवशीची काही भाषणं ऐकून माझ्या पोटात गोळा येतो. पण उपाय गप्प बसणं हा नाही. जे खरं घडलं ते सबंध सांगणं हा आहे. सबंध म्हणजे कराचीतली लूट तर सांगायचीच, पण ज्या मुसलमान शेजाऱ्याने आजोबांच्या वडिलांना रात्री टांग्यात घालून स्टेशनवर सोडलं आणि घराची किल्ली दोन वर्षं जपून ठेवली, तोही सांगायचा. सिंधी हिंदूंचं दैवत असलेल्या झुलेलालला सिंधमध्ये उदेरोलालच्या स्थानी हिंदू आणि मुसलमान दोघेही डोकं टेकवत आले आहेत, हे सांगायचं. सिंधचे सूफी कवी शाह अब्दुल लतीफ यांची पदं उल्हासनगरात अजून गायली जातात, हे ऐकवायचं. आणि मुंबईतूनही माणसं कराचीला गेली, त्यांचीही इथली दारं बंद झाली, हेही. द्वेष करणाऱ्याला अर्धीच गोष्ट हवी असते. कॅम्प पाचमधल्या चालिया मंदिरात सिंधहून आणलेली ज्योत अखंड तेवते असं तिथली माणसं सांगतात. त्या ज्योतीसमोर बसलेल्या म्हातारीला मी विचारलं होतं, सिंधची आठवण येते का. ती म्हणाली, पाण्याची येते. सिंधू नदीच्या पाण्याची. तिच्या तोंडून कुणाच्याही विरोधात एक शब्द निघाला नाही.

शहराने आपला असा इतिहास दाखवावा यात काही नवीन नाही. लंडनच्या ब्रिक लेनवर १७४३ला फ्रान्समधून पळून आलेल्या प्रॉटेस्टंटांनी बांधलेलं एक प्रार्थनाघर आहे, पुढे तेच मेथडिस्टांचं झालं, १८९८ला ज्यूंचं सिनेगॉग झालं, १९७६पासून तिथे बांगलादेशातून आलेल्यांची मशीद आहे. चार समाज एका छपराखाली. लोक ते बघायला गटागटाने जातात. बर्लिनमध्ये तर सीरियातून आलेले निर्वासित स्वतःच पुढे होऊन शहर दाखवतात. मला त्यातली ही एकच गोष्ट महत्त्वाची वाटते, की सांगणारा स्वतः तो आहे. आपल्याकडे इतिहास सांगायला बाहेरून तज्ज्ञ येतो आणि राहणारा माणूस दाराच्या चौकटीत उभा राहून आपल्याच घराबद्दल ऐकतो.

गरिबीचा तमाशा होईल, हीही शंका रास्त आहे. म्हणून गट पंधराचा असावा, कुणाच्या घरात न विचारता डोकावू नये, मोबाइल खिशात राहावा. सांगणाऱ्याला मानधन मिळावं, नुसता नारळ-शाल नको. आणि फेरी मराठीत व्हावी, सिंधीतही व्हावी. तीन तास पुरतील, मोठी वाट नाही. शेवटी वालधुनीच्या पुलावर थांबावं. अंबरनाथच्या मंदिराला लागून वाहणारी तीच नदी इथून जीन्स धुलाईची रंगीत घाण सोसत कल्याणला, माझ्या घरामागे येते. नाकाला रुमाल लावायला हरकत नाही, पण ती घाण ज्या जीन्समधून आली ती कुणाच्या अंगावर आहे, ते त्या पुलावर विचारावं.

महापालिकेकडे माझं मागणं एकच आहे. बराकी पाडू नका असं मी म्हणणार नाही. पावसाळ्यात कोसळणाऱ्या छताखाली माणसांनी वारसा म्हणून राहावं, असं म्हणायचा मला काय अधिकार? पुनर्विकास होऊ दे, माणसांना पक्की घरं मिळू देत. पण पाच कॅम्पांपैकी कुठेतरी एक बराक, एकच, जोत्यापासून तुळईपर्यंत राखा. आत भिंती घालू नका. हॉल रिकामा ठेवा आणि एका दोरीवर एक रल्ली टाका.

त्या सकाळी बराक बघून झाल्यावर आजोबांकडे गेलो तेव्हा त्यांच्या सुनेने आधी भाजलेला पापड आणि पाणी पुढे ठेवलं, सिंधी घरात तशीच रीत आहे. आईने पापडाचा तुकडा मोडला आणि चाळीस वर्षं कॅम्पात खरेदी करून झाल्यावर पहिल्यांदा त्या शहरातल्या माणसाला किमतीखेरीज काहीतरी विचारलं. "भाऊ, तुमच्या आईने शिकारपूरहून निघताना रल्लीच का घेतली हो?" आजोबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, थंडी होती. जानेवारी होता.

आजोबांना आता जिना उतरवत नाही. मागच्या महिन्यात मी एकटीच त्या बोळात गेले होते. मोबाइलचं दुकान हललं आहे, जागेभोवती निळे पत्रे लागले आहेत, आतून यंत्राचा आवाज येत होता. पत्र्याला टाच टेकवून मी पावलं मोजायला लागले, तर भिंत नेमकी कुठून सुरू होत होती तेच सापडेना.